पुनर्प्राप्त लोह ऑक्साइडचे सूक्ष्मतरंग शोषण

पोलाद उद्योगातील टाकाऊ मालापासून बनवलेल्या लोह ऑक्साइडच्या अब्जांश कणांचा (सुमारे 1 ते 100 नॅनोमीटर) सूक्ष्मतरंगांची (मायक्रोवेव्ह) ऊर्जा शोषून तिचे उष्णतेत रूपांतर करण्याचा गुणधर्म. जहाजांवरील व विमानांवरील रडाररोधक लेप आणि इलेक्ट्रॉनिक उपकरणांतील व्यत्यय कमी करणारे पत्रे यांसाठी तो अभ्यासला जातो.

तापलेले पोलाद लाटताना त्यावरून सुटणारी काळी खपली, म्हणजे मिल स्केल, हा सोयीचा कच्चा माल. तिच्यात सुमारे 70 टक्के लोह असते. वुस्टाइट, मॅग्नेटाइट आणि हेमाटाइट या तीन ऑक्साइडांच्या रूपांत. पत्रा आम्लात धुतल्यावर उरणाऱ्या पिकलिंगच्या द्रवातूनही लोह परत मिळते. दारूखान्यात जहाजे मोडली जातात, कळंबोलीला लोखंडाचा बाजार आहे, तळोज्याला पोलाद कारखाने आहेत. तेव्हा मुंबईच्या परिसरात लोखंडी टाकाऊ मालाला तोटा नाही. मात्र जुन्या जहाजाच्या गंजात रंगातले शिसे आणि तांबे मिसळलेले असू शकते. त्यापेक्षा मिल स्केलची खपली बरी. तेल काढून, चुंबकाने वेचून ती बॉल मिलमध्ये (कठीण गोळ्यांनी दळणाऱ्या फिरत्या पिंपात) दळतात. किंवा हायड्रोक्लोरिक आम्लात विरघळवून द्विसंयुजी (Fe²⁺) व त्रिसंयुजी (Fe³⁺) लोह 1:2 प्रमाणात ठेवून अल्कलीने मॅग्नेटाइटचा साका पाडतात. पहिली रीत स्वस्त, पण कण लहानमोठे निघतात.

शोषणात खरे काम मॅग्नेटाइटचे. ते तीव्र चुंबकीय आहे, तर तांबडे हेमाटाइट जवळजवळ निष्क्रिय. भुकटी तांबूस दिसली तर शंका घ्यावी. मॅग्नेटाइटमध्ये द्विसंयुजी व त्रिसंयुजी लोहाच्या दरम्यान इलेक्ट्रॉन उड्या मारतात, त्यातून विद्युत हानी होते, म्हणजे लहरीच्या विद्युत क्षेत्राची ऊर्जा उष्णतेत जाते. चुंबकीय अनुस्पंदनामुळे, म्हणजे कणांचे चुंबकत्व लहरीच्या ठेक्यावर डोलल्याने, चुंबकीय हानी होते. धातूरूप लोखंडावरून बहुतेक लहर परावर्तित होते. ऑक्साइडची रोधकता धातूहून कितीतरी जास्त असल्याने लहरीला आत शिरायला वाट मिळते.

धातूच्या पाठीवरील थराची परावर्तन हानी (परत फिरणारी ऊर्जा किती घटली याचे माप) −10 डेसिबल असेल तर 90 टक्के ऊर्जा शोषली गेली, −20 असेल तर 99 टक्के. त्यापुढचे मोठे आकडे शोधनिबंधांत शोभतात. −40 म्हणजे 99.99 टक्के, व्यवहारात फरक थोडाच. शिवाय हे आकडे बरेचदा प्रत्यक्ष लेपावर मोजलेले नसतात: भुकटी मेणात मिसळून लहानशी कडी बनवतात, तिची विद्युत व चुंबकीय पार्यता (त्या त्या क्षेत्राला पदार्थ किती प्रतिसाद देतो याचे माप) मोजतात आणि जाडी कल्पून गणित करतात. म्हणून जाडी व वारंवारतेचा पट्टा सांगितल्याशिवाय आकड्याला अर्थ नाही. 10 गिगॅहर्ट्‌झच्या लहरीची हवेतील लांबी 3 सेंटिमीटर. पदार्थाच्या दोन्ही सापेक्ष पार्यतांचा गुणाकार 9 असेल तर लहर तिसऱ्या हिश्श्याइतकी आखूड होते आणि थराची जाडी पाव लहरीइतकी, या हिशेबाने थर 2.5 मिलिमीटर लागतो.

अडचण वजनाची आहे. मॅग्नेटाइटची घनता घन सेंटिमीटरला सुमारे 5.2 ग्रॅम, आणि नुसत्या ऑक्साइडचा चुंबकीय प्रतिसाद गिगॅहर्ट्‌झमध्ये उतरत जातो. त्यामुळे ते ग्रॅफीन (कार्बनचा अतिपातळ थर), कार्बन ब्लॅक (काजळीसारखी कार्बनची भुकटी) किंवा पॉलिअॅनिलीन (वीजवाहक बहुवारिक) यांच्याबरोबर मिसळतात. मुंबईत या विषयाशी निगडित कौशल्य पवईच्या आयआयटीत आणि टाटा मूलभूत संशोधन संस्थेतील गटातून 1984 मध्ये उभ्या राहिलेल्या ‘समीर’ या सूक्ष्मतरंग संस्थेत आहे.

हवेत अब्जांश मॅग्नेटाइट हळूहळू ऑक्सिडीकृत होऊन मॅघेमाइट (फक्त त्रिसंयुजी लोह असलेले ऑक्साइड) बनते. चुंबकत्व बरेचसे टिकते, पण द्विसंयुजी लोह संपत गेल्याने विद्युत हानी घटते. म्हणून कणांवर सिलिका किंवा कार्बनचे कवच चढवतात.