दुरंगी शीर्षक कसं करावं: डिजिटल स्क्रॅपबुक करणाऱ्या आमच्या ग्राहकांसाठी

आमच्या संचातले दोन रंग किंवा दोन कागद एकाच शब्दात कसे बसवायचे, ते या पत्रकात दिलं आहे. अक्षराचा वरचा भाग एका छटेत, खालचा दुसऱ्या छटेत, एवढाच हा खेळ. करायला वेळ फार लागत नाही. बिघडतं ते बहुतेक वेळा दोनच ठिकाणी: दोन रंगांमधली रेघ चुकीच्या उंचीवर पडते, नाहीतर दोनपैकी एक रंग पानाच्या रंगात विरून जातो. कोणतं बटण कधी दाबायचं हे पुढे आहेच, पण जास्त जागा या दोन गोष्टींना दिली आहे.

खालचे सगळे आकडे १२ गुणिले १२ इंचांच्या, ३०० पीपीआयच्या (इंचामागे ३०० पिक्सेल) पानाचे आहेत; म्हणजे प्रत्येक बाजू ३६०० पिक्सेल. तुमचं पान ८ इंचांचं (२४०० पिक्सेल) असेल तर पिक्सेलमधले आकडे दोन तृतीयांश करून घ्या. पायऱ्या फोटोशॉपच्या आहेत, एलिमेंट्समध्येही बऱ्याचशा तशाच चालतात. गिम्प आणि इंकस्केप ही दुसरी सॉफ्टवेअर वापरणाऱ्यांसाठी शेवटाकडे वेगळा मजकूर आहे.

अक्षर जाडच हवं

बारीक अक्षरात दोन रंग टाकले तर दोन रंग दिसत नाहीत, छपाई बिघडल्यासारखी दिसते. अक्षराच्या उभ्या दांड्याची जाडी ४० पिक्सेलच्या खाली जात असेल तर दुरंगीच्या नादी न लागलेलं बरं. मोदक, बालू किंवा मुक्ताचं सर्वांत जाड वजन हे फाँट या कामाला चांगले. आकार १५० पॉइंटपासून पुढे ठेवा. ३०० पीपीआयला १५० पॉइंट म्हणजे ६२५ पिक्सेल, पण ही फाँटच्या चौकटीची उंची आहे. प्रत्यक्ष अक्षर त्याहून बरंच बुटकं असतं, तेव्हा आकड्यावर न जाता पानावर बघून ठरवा.

टाइप करताना ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या डावीकडे न येता उजवीकडे उमटत असेल किंवा जोडाक्षरं सुटी पडत असतील तर दोष फाँटचा नाही. फोटोशॉपच्या जुन्या आवृत्तीत प्रेफरन्सेसमधल्या टाइप विभागात मिडल ईस्टर्न अँड साउथ एशियन हा पर्याय निवडा आणि पॅराग्राफ पॅनलच्या मेन्यूतून वर्ल्ड-रेडी कंपोझर चालू करा. अक्षरांमधलं अंतर, म्हणजे ट्रॅकिंग, शून्यच असू द्या. रोमन लिपीच्या शीर्षकात ते वाढवलं की छान मोकळं दिसतं. देवनागरीत शिरोरेषा तुटते आणि शब्दाचे तुकडे पडतात.

रेघ कुठे पाडायची

इथे घाई करू नका. शब्दाची पूर्ण उंची मोजून तिच्या मध्यावर रेघ पाडणं ही सगळ्यात जास्त होणारी चूक. देवनागरीत मात्रा, वेलांट्या, रफार, अनुस्वार शिरोरेषेच्या वर जातात आणि उकार खाली लोंबतात. ‘सुट्टी’ हा शब्द बघा: वर वेलांटी, खाली उकार, आणि पुष्कळ फाँटमध्ये एकाखाली एक बसलेला ‘ट्ट’ आणखी खाली उतरलेला. याच्या एकूण उंचीचा मध्य धरला तर रेघ अक्षराच्या पोटाच्या पार खाली सरकते. ‘गंमत’ मध्ये खाली काहीच नाही, वर फक्त अनुस्वार, त्यामुळे तीच रेघ वर चढते. ‘सुट्टीतली गंमत’ असं दोन ओळींचं शीर्षक अशा मापाने केलं तर दोन्ही ओळी वेगवेगळ्या कापल्यासारख्या दिसतात.

म्हणून माप अक्षराच्या अंगाचं घ्या: शिरोरेषेची खालची कड आणि अक्षर जिथे टेकतं तो तळ. रूलर चालू करून या दोन्ही जागी एकेक गाइड ओढा. शिरोरेषेची खालची कड वरून ८०० पिक्सेलवर आणि तळ १२०० वर असेल, तर तिसरं गाइड १००० वर. उकार आणि वेलांट्या हिशेबात धरायच्याच नाहीत. त्या ज्या बाजूला पडतील त्या बाजूचा रंग घेतील.

आता एक तपासणी. ‘ब’ आणि ‘ष’ यांच्या पोटातली तिरकी रेघ नेमकी याच मध्यभागी असते. दोन रंगांची सीमा तिच्यावरून गेली, आणि रंगही एकमेकांच्या जवळचे असले, तर लांबून ‘ब’चा ‘व’ आणि ‘ष’चा ‘प’ वाटू लागतो. शीर्षकात ही अक्षरं असतील तर सीमा १५-२० पिक्सेल खाली घ्या. वर घेऊ नका. खालच्या भागात गडद रंग असेल तर त्याची पट्टी फार रुंद होते आणि शब्द बसका दिसतो.

मुख्य पद्धत: क्लिपिंग मास्क

१. शब्द टाइप करा. अक्षरांना वरच्या भागाचा रंग द्या. म्हणजे दोनपैकी एक रंग इथेच झाला.

२. अक्षरांच्या लगेच वर नवा रिकामा लेयर घ्या. आयताकृती मार्की टूलने मधल्या गाइडपासून खाली, उकार झाकले जातील इतका आयत निवडा. डावी-उजवीकडे ५० पिक्सेल जास्त घ्या. निवड करण्याआधी फेदर (निवडीची कड मऊ करणारं माप) शून्य आहे ना ते बघा. आधीच्या कामातून ५ किंवा १० राहून गेलं असेल तर सीमा धूसर येते आणि कारण सापडत नाही.

३. दुसरा रंग फोरग्राउंडला घेऊन ऑल्ट आणि बॅकस्पेस दाबा. आयत भरला की कंट्रोल आणि डी दाबून निवड सोडा.

४. लेयर पॅनलमध्ये ऑल्ट दाबून धरा, या दोन लेयरच्या मधल्या रेषेवर पॉइंटर न्या. त्याचं चिन्ह बदललं की क्लिक करा. मॅकवर ऑल्टच्या जागी ऑप्शन. आयत आता फक्त अक्षरांच्या आत दिसेल. यालाच क्लिप करणं म्हणतात.

आयताचा लेयर निवडून मूव्ह टूल घेतलं की बाणाच्या कळीने सीमा एकेक पिक्सेल सरकते, सोबत शिफ्ट दाबलं तर दहा. या पद्धतीचा खरा फायदा असा की अक्षरं टाइप केलेलीच राहतात. ऱ्हस्व-दीर्घ चुकलं, नाव बदललं, फाँट बदलावासा वाटला तरी सगळं नव्याने करायला नको.

आयत अक्षरांत न बसता दुसऱ्याच कशात बसला, तर तो अक्षरांच्या लगेच वर नाही, मध्ये तिसरा लेयर आला आहे. शब्द हलवल्यावर सीमा वर-खाली झाली, तर दोन्ही लेयर एकत्र निवडून साखळीच्या खुणेने जोडून टाका. आणि क्लिप करूनही एकच रंग दिसत असेल तर अक्षरांच्या लेयरवर कलर ओव्हरले (लेयर स्टाइलमधून दिलेला रंग) लावलेलं आहे का ते बघा. खालच्या लेयरचं ओव्हरले क्लिप केलेल्या लेयरला झाकून टाकतं. रंग अक्षरांनाच द्या, ओव्हरलेमधून नको.

काही जण एकाच शब्दाच्या दोन रंगांतल्या प्रती एकमेकींवर ठेवतात आणि वरची अर्धी खोडतात. दिसायला सोपं आहे, पण अक्षराच्या कडेचे पिक्सेल अर्धपारदर्शक असतात, त्यातून खालचा रंग डोकावतो आणि कडेला बारीक झालर दिसते. गडदवर फिकट असेल तर ती छपाईतही उमटते.

घाईच्या वेळी: ग्रेडियंट ओव्हरले

लेयर स्टाइलमधून ग्रेडियंट ओव्हरले घ्या, कोन ९०, आणि ग्रेडियंट एडिटरमध्ये मधले दोन रंगबिंदू एकाच जागी, ५० टक्क्यांवर आणा. रंग हळूहळू न बदलता एकदम बदलेल. ही स्टाइल जपून ठेवली की दुसऱ्या शब्दाला एका क्लिकमध्ये लागते. सपाट रंगांसाठी चांगली. कागद वापरायचे असतील तर उपयोगाची नाही.

मेख अशी की अलाइन विथ लेयर चालू असताना हे ५० टक्के लेयरच्या पूर्ण उंचीवर मोजले जातात, म्हणजे वर सांगितलेली ‘सुट्टी’ आणि ‘गंमत’ची अडचण आपोआप येते. स्टाइलची खिडकी उघडी असताना माउसने पानावर ओढलं तर ग्रेडियंट वर-खाली सरकतो. प्रत्येक शब्दासाठी तो गाइडवर आणून बसवा. सीमा तिरकी हवी असेल तर एकाच जागचे दोन बिंदू पायऱ्यापायऱ्यांची कड देतात. एक ५० वर, दुसरा ५१ वर ठेवा, कड सरळ दिसेल.

रंगांऐवजी कागद

आयताच्या जागी आमचा कागद ठेवून तसाच क्लिप करा. फक्त कागद मूळ आकारात टाकू नका. ३६०० पिक्सेलच्या कागदावरचं मोठं फूल अक्षरात आलं तर पाकळीचा एखादा कोपरा तेवढा दिसतो आणि तो डाग वाटतो. कागद ४० ते ५० टक्क्यांवर आणा. नक्षीचा एक ठिपका किंवा एक पट्टा अक्षराच्या दांड्याच्या रुंदीत पुरा मावला पाहिजे. दोन्ही भागांत नक्षी नको. एकात नक्षी, दुसऱ्यात त्याच नक्षीतला एक सपाट रंग, हे जवळजवळ कधीच फसत नाही.

कोणते दोन रंग

दोन परीक्षा आहेत आणि दोन्ही पास व्हायला लागतात: दोन्ही रंग पानापासून वेगळे दिसले पाहिजेत, आणि एकमेकांपासूनही. डोळ्यांवर विसंबू नका, रंगांची चमक फसवते. सगळ्यांत वर काळ्या रंगाने भरलेला लेयर टाकून त्याचा ब्लेंड मोड कलर करा. करड्या पानावर शब्द पूर्ण वाचता आला आणि सीमा ओळखू आली तर रंग ठीक. मग तो लेयर बंद करा.

उदाहरण घ्या. पान मलईसारखं, लाल २५०, हिरवा २४५, निळा २३२. खालच्या भागाला गडद छटा ३१, ७८, ९५ आणि वरच्या भागाला तीच जरा उजळ, ९०, १४०, १४२. पहिलीचा पानाशी विरोध (कॉन्ट्रास्ट) सुमारे ८ ला १, दुसरीचा ३.५ ला १. वेबसाठीच्या डब्ल्यूसीएजी नियमावलीत मोठ्या अक्षरांना किमान ३ ला १ मागितलेला आहे, त्यामुळे दोन्ही बसतात. आता वरच्या भागाला पिवळा देऊन बघा, २५५, २२१, ८९. रंगपेटीत तो झगझगीत दिसतो, पण या पानावर विरोध जेमतेम १.२ ला १. वाचणाऱ्याला फक्त खालचा अर्धा शब्द दिसतो. पिवळा हवाच असेल तर पान गडद घ्या.

शब्द फोटोवर येत असेल तर एकच विरोध सगळीकडे टिकत नाही. अक्षरांच्या लेयरला बाहेरच्या बाजूने ८-१० पिक्सेलचा पांढरा स्ट्रोक, म्हणजे कडेची रेघ, द्या, किंवा शब्दाखाली कागदाची पट्टी ठेवा. आम्हाला पट्टी जास्त आवडते. स्ट्रोकने पान स्टिकर लावल्यासारखं होतं.

पट्टीवरूनच एक देखणा प्रकार निघतो. पट्टी शब्दाच्या फक्त खालच्या अर्ध्या भागामागे ठेवा. अक्षरांना पट्टीचाच गडद रंग द्या. मग कंट्रोल दाबून पट्टीच्या लेयरच्या छोट्या चित्रावर क्लिक करा, पट्टीच्या आकाराची निवड मिळेल. अक्षरांवर नवा लेयर घेऊन त्यात पानाचा फिकट रंग भरा आणि क्लिप करा. पट्टी जिथे सुरू होते तिथेच अक्षरांचा रंग उलटतो, एका पिक्सेलचाही फरक पडत नाही.

सावली

सावली अक्षरांच्या लेयरला द्या, क्लिप केलेल्या आयताला नको. अंतर ८ ते १२ पिक्सेल, साइझ १० ते १५, अपारदर्शकता ३५ ते ४५ टक्के. रंग निखळ काळा न घेता पानाच्याच रंगाची खूप गडद छटा घ्या. प्रकाशाचा कोन पानावरच्या फोटो-फुलांच्या सावलीशी जुळला पाहिजे. पान लहान करताना इमेज साइझच्या खिडकीत स्केल स्टाइल्स चालू ठेवा. नाहीतर शब्द लहान होतो आणि सावली तेवढीच राहते.

गिम्प आणि इंकस्केप

गिम्प २.१० पासून: अक्षरं आणि त्यांच्यावर रंगाचा लेयर एका लेयर ग्रुपमध्ये ठेवा, मग रंगाच्या लेयरवर राइट क्लिक करून कंपोझिट मोडमध्ये क्लिप टू बॅकड्रॉप निवडा. त्याआधीच्या आवृत्तीत अल्फा टू सिलेक्शनने अक्षरांची निवड घेऊन नव्या लेयरवर रंग भरावा लागतो, आणि शुद्धलेखन नंतर सुधारता येत नाही. ते आधीच तपासून घ्या.

इंकस्केपमध्ये लिनियर ग्रेडियंटचे मधले दोन बिंदू एकाच जागी आणले की काम होतं. शब्दाचे पाथ (टाइप न करता येणारे नुसते आकार) केलेत तर काही फाँटमध्ये काना-मात्रा अक्षरावर चढलेल्या जागी जोड दिसतात, विशेषतः स्ट्रोक दिल्यावर. पाथ मेन्यूतलं युनियन वापरून ते एक करा.

जपून ठेवताना

लेयरसकट मूळ फाइल पीएसडी किंवा टिफमध्ये ठेवा. छपाईला जेपीईजी द्यायची तर फोटोशॉपच्या मापात गुणवत्ता १० ते १२. जेपीईजी रंगाचा तपशील उजेडाच्या तपशिलापेक्षा ढोबळ साठवू शकते. गुणवत्ता कमी केली की लाल आणि निळा शेजारी असतील तिथे सीमेवर मळकट पट्टा उमटतो, आणि दुरंगी शीर्षकात सीमा तर पानाच्या मोक्याच्या जागी असते. शीर्षक दुसऱ्या पानांवरही वापरायचं असेल तर पार्श्वभूमी बंद करून ते वेगळं पीएनजी करून ठेवा. सावली मात्र त्यात घेऊ नका, नव्या पानावर नव्याने द्या. तिथला प्रकाश वेगळ्या बाजूचा असू शकतो.