इश्टूतलं मांस आधी चिवट का होतं?

पाऊण तास झाला होता. झाकण काढून एक तुकडा चमच्याने दाबून बघितला, तर पातेल्यात टाकताना होता त्याहून तो घट्ट लागला. गॅस मोठा केला. आणखी पंधरा मिनिटांनी पुन्हा बघितलं, तरी तसाच. शेजारच्या मावशी ताटली परत द्यायला आल्या होत्या. त्यांनी पातेल्यात डोकावून सांगितलं, "घाई करालीस बघ तू. आत्ता कुठं आकसलंय ते. आणखी दोन तास सोड की त्याला."

मावशींनी 'आकसलंय' म्हटलं, आणि विज्ञानाच्या भाषेतही तेवढ्या वेळात पातेल्यात नेमकं तेच घडलेलं असतं.

बेळगावात इश्टू म्हणजे मांस आणि भाज्या एकत्र मंद शिजवलेला, मिरी-दालचिनीचा, फार तिखट नसलेला रस्सा. आमच्या घरी तो मोठ्याच्या मटणाचा, म्हणजे म्हशीच्या मांसाचा होतो. मांस म्हणजे जनावराचा स्नायू, आणि त्यात सुमारे ७५ टक्के पाणी असतं. उरलेल्यात मुख्यतः प्रथिनांचे बारीक लांब तंतू. हंगामात चिकोडी-निपाणीकडच्या रस्त्यावर दिसणारी उसाची मोळी आठवा. ऊस म्हणजे स्नायूचे तंतू, आणि मोळी बांधलेला बंध म्हणजे कोलॅजन. फरक एवढाच, की स्नायूत प्रत्येक मोळीला बंध असतो, अनेक मोळ्या मिळून मोठा भारा होतो आणि त्याभोवती आणखी जाड आवरण असतं. पाय, मान, खांदा असे सतत राबणारे भाग घेतले तर हे बंध भरपूर आणि दणकट असतात.

मांस तापू लागलं की पन्नास अंश सेल्सिअसच्या आसपास तंतूंमधली प्रथिनं आपला आकार सोडून एकमेकांना चिकटायला लागतात. साठ ते पासष्ट अंशांच्या दरम्यान कोलॅजनचे बंध आकसतात. मोळीचा दोर ओला होऊन आवळावा तसं होतं आणि तंतूंमधलं पाणी पिळून बाहेर येतं. पातेल्यात घातलेलं एक किलो मांस शिजल्यावर साधारण सहाशे-सातशे ग्रॅमच भरतं, ते यामुळे. पहिल्या तासात तुकडा लहान आणि घट्ट होतो. ती काही मांस खराब असल्याची खूण नव्हे.

खरं काम त्यानंतर सुरू होतं. कोलॅजनचा रेणू म्हणजे तीन साखळ्यांचा एकमेकींत गुंफलेला पीळ. सत्तर अंशांच्या वर पाण्यात बराच वेळ राहिला की हा पीळ सुटत जातो आणि सुट्या साखळ्या पाण्यात विरघळतात. त्यालाच आपण जिलेटिन म्हणतो. बंध विरघळले की मोळी सैल होते आणि तंतू चमच्याने सुटे होतात. पण हे काम अतिशय सावकाश होतं आणि त्याला किती वेळ लागेल हे जनावराच्या वयावर फार अवलंबून असतं.

आमच्याकडे हे वय ठरवण्यात कायद्याचाही वाटा आहे. कर्नाटकच्या २०२० च्या कायद्याने गाय, बैल आणि वासरांच्या कत्तलीला पूर्ण बंदी आहे. तेरा वर्षांवरची म्हैस किंवा रेडा तेवढा अपवाद. त्यामुळे कायदेशीर मिळतं ते मोठ्याचं मटण वयस्क जनावराचंच. जनावराचं वय वाढतं तसे कोलॅजनच्या शेजारशेजारच्या रेणूंमध्ये रासायनिक टाके पडत जातात. कोवळ्या जनावरात हे टाके कच्चे असतात आणि उष्णतेने तुटतात. पुढे ते पक्के होतात आणि उष्णतेला दाद देत नाहीत. म्हणून वासराच्या मांसासाठी लिहिलेल्या परदेशी पाककृतीतला दीड तास इथे कामाचा नाही. तीन तास, कधी साडेतीनही धरावे लागतात.

गॅस मोठा करून हा वेळ वाचत नाही. बेळगाव समुद्रसपाटीपासून सुमारे साडेसातशे मीटर उंच आहे. इथे हवेचा दाब कमी, म्हणून पाणी ९७.५ अंशांच्या आसपासच उकळतं. पणजीत ते १०० ला उकळतं. एकदा उकळी फुटली की वाढीव उष्णता वाफ होऊन निघून जाते, पातेल्यातलं तापमान तिथेच राहतं. उलट खदखदून उकळल्यावर तंतू आणखी कोरडे पडतात. रस्सा ८५ ते ९० अंशांवर, म्हणजे पृष्ठभाग थरथरतोय आणि अधूनमधून एखादा बुडबुडा येतोय, अशा अवस्थेत ठेवावा. माझ्या मते इश्टूत याहून महत्त्वाचं काही नाही.

कुकरचं काय? कुकरमध्ये दाबामुळे पाणी १२० अंशांच्या जवळ पोचतं आणि कोलॅजन फार लवकर विरघळतं. पाऊण तासात काम होतं. कामाच्या दिवशी मीही कुकरच लावते. मात्र शिट्टी उचलून वाफ सोडायची नाही. दाब एकदम उतरला की तुकड्याच्या आतलं पाणी क्षणात उकळतं आणि रस बाहेर फेकला जातो. कुकर आपोआप थंड होऊ द्यावा.

पाणी घालण्याआधी तुकडे तेलात परततात, त्यामागे 'रस आत कोंडून राहतो' असं कारण सांगतात. हा समज एकोणिसाव्या शतकातल्या युस्टस फॉन लीबिग या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने रुजवला आणि तो चुकीचा आहे. तांबूस झालेल्या पृष्ठभागातूनही पाणी सहज निघतं. परतायचं ते चवीसाठी. अमिनो आम्लं आणि साखर यांच्यातल्या ज्या प्रक्रियेने खमंग वास आणि तपकिरी रंग येतो, तिचं वर्णन १९१२ मध्ये लुई कामिय मायार या फ्रेंच शास्त्रज्ञाने केलं. ती १४० अंशांच्या वर जोरात चालते. मांस ओलं असेल तर पाणी संपेपर्यंत तापमान शंभराच्या पुढे जातच नाही. म्हणून तुकडे फडक्याने कोरडे टिपून घ्यावेत आणि थोडे थोडेच परतावेत. तव्यावर चर्र आवाज थांबून रटरट सुरू झाली, की समजा, मांस परतलं जात नाहीये, आपल्याच पाण्यात शिजतंय.

आता भाज्या. तालुक्यातल्या लाल मातीतला बटाटा, गाजर, नवलकोल, बीन्स. भाज्यांचं रसायनशास्त्र मांसाहून अगदी वेगळं. त्यांच्या पेशी एकमेकींना पेक्टिनने चिकटलेल्या असतात. उकळीजवळच्या तापमानाला पेक्टिन तुटतं आणि अर्ध्या तासात गाजर मऊ होतं. मांसाबरोबर तीन तास ठेवलं तर त्याचा लगदा. म्हणून भाज्या शेवटच्या अर्ध्या-पाऊण तासात घालायच्या.

एकदा मी बटाट्यांबरोबरच दोन मोठे चमचे व्हिनेगर आणि बरेच टोमॅटो घातले. मांस छान झालं, पण बटाटा तासभर होऊनही दाताखाली कचकच वाजत होता. मी बटाट्यालाच दोष दिला. पुढच्या वेळी त्याच पोत्यातले बटाटे आंबट न घालता शिजवले आणि ते वीस मिनिटांत मऊ झाले. आंबट पाण्यात पेक्टिनचं तुटणं मंदावतं. गंमत अशी, की तेच आम्ल कोलॅजन विरघळायला मदत करतं. म्हणून थोडा टोमॅटो सुरुवातीला मांसाबरोबर चालतो. व्हिनेगर, लिंबू किंवा कोकम मात्र बटाट्यात सुरी सहज शिरू लागल्यावरच.

मैदा न लावता रस्सा दाट होतो तो जिलेटिनमुळे. जेवताना ओठ एकमेकांना किंचित चिकटतात, तेही त्याचंच काम. उरलेला इश्टू मात्र ओट्यावर रात्रभर ठेवू नये. काही जिवाणूंचे बीजाणू उकळीतही टिकून राहतात आणि कोमट रश्श्यात वाढतात. पसरट भांड्यात काढून दोन तासांच्या आत फ्रिजमध्ये ठेवावा आणि खाताना पुन्हा नीट उकळावा.

त्या रविवारचा इश्टू दुपारी अडीचला झाला. वाटीभर मावशींकडे दिला. सोमवारी सकाळी फ्रिज उघडून भांडं तिरपं केलं, तर रस्सा वाहिला नाही. तो अख्खाच्या अख्खा थिजून बसला होता, बोटाने टिचकी मारली की थरथरत होता, आणि वर म्हशीच्या दुधासारखी पांढरीशुभ्र चरबी.