चेतकचा नवा सायलेन्सर जागेवर बसत नाही, तेव्हा

पुण्याजवळच्या आकुर्डीत 1972 साली सुरू झालेली बजाज चेतक मुळात व्हेस्पा स्प्रिंटच्या आराखड्यावर बांधलेली. टू-स्ट्रोक इंजिन, 57 मिमी बोअर (सिलिंडरचा आतला व्यास), 57 मिमी स्ट्रोक (पिस्टनची धाव), 145.45 सीसी. जुन्या चेतक आजही हौसेने जपल्या जातात, पण त्यांच्यावरचा मूळ सायलेन्सर बहुधा गंजून गेलेला असतो. मग बाजारातून नवा आणला जातो आणि लक्षात येतं, की एक टोक बसवलं तर दुसरं बसत नाही. अशा वेळी पाना लावून बोल्ट आवळत जायचं आणि ब्रॅकेट, म्हणजे सायलेन्सरला जोडलेली धरणारी पट्टी, खेचून जागेवर आणायचं, हा सर्रास चालणारा उपाय आहे. सायलेन्सर चिरण्याचं हेच सगळ्यांत मोठं कारण.

चेतकचा सायलेन्सर दोनच ठिकाणी धरलेला असतो. त्याची नळी सिलिंडरच्या, धूर बाहेर पडणाऱ्या गोल नळकांड्यावर चढते आणि क्लॅम्पने आवळली जाते. ब्रॅकेट मात्र इंजिन केसिंगचा जो दांडा मागच्या चाकाकडे जातो, त्याच्या कानाला बोल्टने लागतं. सांगाड्याला सायलेन्सर कुठेच जोडलेला नसतो, कारण इंजिन, केसिंग, चाक आणि सायलेन्सर मिळून शॉकअपबरोबर एकत्र वरखाली होतात. ब्रॅकेट जमत नाही म्हणून सायलेन्सरला सांगाड्यावरून तार किंवा पट्टी बांधली, तर प्रत्येक खड्ड्यात तो दोन हलत्या भागांमध्ये पिळला जातो. हा उपाय तात्पुरता म्हणूनसुद्धा करू नये.

नळकांड्यावर चढवलेली नळी, क्लॅम्प सैल असताना, दोनच हालचाली करू शकते: आत-बाहेर सरकणं आणि स्वतःभोवती फिरणं. ब्रॅकेटच्या भोकाची चूक या दोन हालचालींत भरून निघणारी असेल, तर काहीच कापावं लागत नाही. नळीच्या तोंडाचा कोनच चुकला असेल, तर मात्र ती चूक दूरवर मोठी होऊन दिसते. तोंडाशी 1 अंशाचा फरक असेल, तर 300 मिमी अंतरावर भोक सुमारे 5 मिमी सरकतं. म्हणून ब्रॅकेटला हात लावण्याआधी तोंड तपासायचं. दोष नेहमी सायलेन्सरचाच असतो असंही नाही. सिलिंडर दुसऱ्या बनावटीचा बसवला असेल, तर नळकांड्याचा कोन वेगळा निघू शकतो. सिलिंडरखाली जाड पॅकिंग घातलं असेल, तर नळकांडं तेवढंच बाहेर सरकलेलं असतं.

थोडी जबरदस्ती केली तर बिघडतं काय? इंजिन 5000 आरपीएमवर फिरतं तेव्हा सेकंदाला सुमारे 83 फेरे होतात, म्हणजे तासाला 3 लाख. प्रत्येक फेऱ्याला पत्र्यावर थोडा ताण येतो आणि जातो. एवढ्याने चांगलं वेल्डिंग सहसा तुटत नाही. पण बोल्टने खेचल्याचा कायमचा ताण आधीच बसलेला असेल, तर हा हलता ताण त्याच्यावर चढतो आणि धातूचं आयुष्य झपाट्याने घटतं. त्यात उष्णतेची भर पडते. साधं पोलाद 100 अंशांनी तापलं, की मीटरमागे सुमारे 1.2 मिमी वाढतं. 400 मिमी लांबीचा भाग 250 अंशांनी तापला तर वाढ 1.2 मिमी होते, आणि केसिंग तेवढं तापत नसल्याने ते सोबत वाढत नाही. ही वाढ सायलेन्सरच्या लवचिकपणात जिरायला हवी. सगळा लवचिकपणा आधीच बोल्टने खाल्लेला असेल, तर चीर पडते, आणि ती बहुतेक वेळा ब्रॅकेटच्या वेल्डिंगच्या कडेला. तिथे पत्रा वेल्डिंगच्या उष्णतेतून गेलेला असतो आणि जाडीही एकदम बदलते.

कामाला लागण्याच्या आदल्या रात्री क्लॅम्पच्या आणि ब्रॅकेटच्या बोल्टवर गंज सोडवणारं तेल सोडून ठेवावं. काम थंड इंजिनावरच करायचं. फुटबोर्डाखाली लाकडी ठोकळा देऊन मागचं चाक अधांतरी ठेवा. जुना सायलेन्सर डावी-उजवीकडे पिळत काढायचा, त्यावर हातोडा चालवायचा नाही. नळकांडं सिलिंडरच्या बिडाच्या ओतकामाचाच भाग आहे. ते तडकलं तर सिलिंडर गेला. काजळी आणि जुनी पेस्ट पॉलिश पेपरने साफ करा आणि व्हर्नियरने नळकांड्याचा व्यास दोन दिशांनी मोजा. नवी नळी हाताने चढली पाहिजे, पण चढल्यावर डगडगता कामा नये. नळीच्या तोंडाला मुद्दाम कापलेल्या खाचा नसतील, तर क्लॅम्प कितीही आवळला तरी नळी दबत नाही आणि गळती राहते.

आता सायलेन्सर पूर्ण आत चढवा, क्लॅम्प सैल ठेवा आणि ब्रॅकेट कानाशी आणून चूक कोणत्या प्रकारची आहे ते पाहा. ब्रॅकेट कानाला सपाट टेकतंय, पण भोक 2–3 मिमी बाजूला आहे, एवढंच असेल तर गोल कानसने भोक लांबट करायचं. भोकाच्या कडेपासून ब्रॅकेटच्या कडेपर्यंत निदान बोल्टच्या व्यासाएवढा पत्रा उरला पाहिजे, आणि वर जाड वायसर हवा. ब्रॅकेट आणि कान समांतर आहेत पण मध्ये फट आहे, तर फटीच्या नेमक्या जाडीचा भरीव पोलादी वायसर घाला. स्प्रिंग वायसरांची चळत रचू नये, ती बसत जाते आणि बोल्ट सैल होतो. 3 मिमीचं पॅकिंग घातलं तर बोल्टही 3 मिमी लांब हवा. कान अॅल्युमिनियमचा आहे, त्यात बोल्टचे आटे व्यासाच्या किमान दीडपट खोल गेले पाहिजेत: 8 मिमीच्या बोल्टला 12 मिमी, 10 मिमीच्या बोल्टला 15 मिमी. कमी आट्यांवर आवळलेला बोल्ट कानाचे आटे घेऊनच बाहेर येतो.

फट एका कडेला जास्त आणि दुसरीकडे कमी असेल, तर ब्रॅकेट तिरकं आहे. किरकोळ तिरकेपणा थंडच वाकवून जातो, पण वेल्डिंगच्या बाजूला पकड लावून, म्हणजे जोर वेल्डिंगवर येणार नाही. फरक मोठा असला तर ब्रॅकेट कापून पुन्हा जोडणं हेच खरं काम. ब्रॅकेट कानाला बोल्टने लावा, सायलेन्सर जागेवर धरा, दोघांवर मिळून जाणाऱ्या रेघा ओढा, मग दोन्ही काढून टेबलावर रेघा जुळवून टॅक, म्हणजे वेल्डिंगचे तात्पुरते ठिपके, मारा. गाडीवर वेल्डिंग टाळलेलंच बरं, कारण पेट्रोलची वाफ जवळ असते. शिवाय अर्थिंगचा चिमटा दूर लावला तर करंट बेअरिंगमधून जातो. टॅक मारून पुन्हा गाडीवर बसवून पाहिल्याशिवाय पूर्ण वेल्डिंग करू नका. वेल्डिंग थंड होताना आकसतं आणि ब्रॅकेटला आपल्या बाजूला ओढतं, त्यामुळे दोन्ही बाजूंनी आलटून-पालटून थोडं थोडं करावं.

तोंडाचाच कोन चुकला असेल, तर नळीत पाचरीसारखी फट कापून ती बंद करतात. 35 मिमी व्यासाच्या नळीत एका कडेला 1 मिमीची पाचर म्हणजे सुमारे 1.6 अंश. आधी हिशोब करा, मग कापा, आणि करवतीच्या पात्याची जाडीही त्यात धरा. फुगीर पोटाच्या, वेगासाठी बनवलेल्या सायलेन्सरमध्ये पोटाला पोचा पाडून जागा करू नये. त्या पोटाच्या शंकूसारख्या भागांच्या मापांवरच दाबाच्या लाटेचं परत येणं अवलंबून असतं.

मागच्या 3.50-10 टायरमध्ये पूर्ण हवा भरून त्याचं सायलेन्सरशी 8 ते 10 मिमी अंतर राहतंय का ते बघा. चाक आणि सायलेन्सर एकत्र हलत असल्याने ते अंतर शॉकअप दबल्यावर बदलत नाही, पण रुंद टायर घातला तर बदलतं. स्टँड आणि फुटबोर्डाशी असलेलं अंतर मात्र शॉकअप दाबून, स्टँड वर-खाली करून तपासावं लागतं. ब्रेक आणि गिअरच्या केबल तापणाऱ्या पत्र्यापासून लांब बांधा.

शेवटी नळकांड्यावर एक्झॉस्ट पेस्टचा पातळ थर द्या. ही पेस्ट बारीक फट भरते, चुकलेलं माप नाही. क्लॅम्प अर्धा आवळा, ब्रॅकेटचा बोल्ट बोटांनी शेवटपर्यंत फिरवा. बोटांनी जात नसेल तर थांबा, काम अजून झालेलं नाही. मग ब्रॅकेट पूर्ण, आणि त्यानंतर क्लॅम्प पूर्ण. इंजिन चांगलं तापवून पूर्ण थंड होऊ द्या आणि ब्रॅकेटचा बोल्ट एकदा काढा. ब्रॅकेट जागचं हललं नाही, तर ताण नाही. ते उडी मारून बाजूला गेलं, तर तेवढ्या मिलिमीटरची दुरुस्ती बाकी आहे. 50 किलोमीटरनंतर दोन्ही बोल्ट पुन्हा आवळा. जोडाशी काळं तेलकट ओघळ दिसलं, तर ते पेट्रोलमधलं न जळलेलं टू-टी (टू-स्ट्रोक इंजिनाचं) तेल असतं आणि क्लॅम्प नीट बसलेला नसतो. ब्रॅकेटच्या वेल्डिंगशी केसासारखी काळी रेघ दिसली, तर ती चिरेतून बाहेर येणारी काजळी आहे. तिच्यावर नुसती वेल्डिंगची रेघ मारण्याआधी बोल्ट काढून ब्रॅकेट कुठे सरकतं ते पाहा.