ठोकून सरळ केलेला पत्रा पहिल्यासारखा का राहत नाही

मागच्या पावसाळ्यात कात्रजच्या नवीन बोगद्यातून नवले पुलाकडे उतरताना पुढचा टेम्पो एकदम थांबला आणि माझी गाडी डाव्या कोपऱ्यावर त्याच्यावर जाऊन आदळली. कोणाला लागलं नाही. गॅरेजमधे बंपर बदलला, फेंडर ठोकून सरळ केला, पेंट तर असा मारला की शोधूनही काही सापडेना. पण महिनाभरात गाडी डावीकडे ओढायला लागली, डाव्या टायरची आतली कड पार गुळगुळीत झाली, दोनदा अलाइनमेंट केलं तरी तेच. तेव्हा मी या विषयाच्या मागेच लागलो.

आधी घरी एक करून बघा. कपड्यांच्या हँगरची तार काटकोनात वाकवा आणि मग हातानेच सरळ करा. होणार नाही. जिथे बाक होता तिथे एक टेंगूळ राहतं आणि त्याच्या शेजारी तार उलटी वाकते. अपघातातल्या गाडीचं निम्मं विज्ञान या तारेत आहे.

स्टीलमधे अणू ओळींनी रचलेले असतात. पत्रा थोडासाच दाबला तर त्यांच्यातली अंतरं जराशी बदलतात आणि हात काढला की सगळं जागेवर, बोनेट अंगठ्याने दाबून सोडल्यावर परत वर येतं ना तसं. पण ताण एका मर्यादेपलीकडे गेला की अणूंचे थर एकमेकांवरून सरकतात, आणि हे सरकणं होतं ते रचनेत ज्या बारीक चुका असतात त्यांच्यामुळे. वाकवताना या चुका प्रचंड वाढतात, एकमेकीत गुंततात, आणि मग तिथे पुढचं सरकणं अवघड होऊन बसतं, म्हणजे घडीवरचं स्टील शेजारच्यापेक्षा कडक होतं. याला वर्क हार्डनिंग म्हणतात. आता तो भाग ओढून सरळ करायला गेलं की कडक घडी हलत नाही, शेजारचा मऊ पत्रा आधी हलतो. आणि जबरदस्ती केलीच तर घडीवर बारीक चिरा पडू शकतात.

बाहेरच्या पत्र्याचं त्यामानाने सोपं आहे. तो जेमतेम 0.7-0.8 मिलिमीटर जाड, बहुतेकदा मऊ स्टीलचा. मागून डॉली, म्हणजे हातात धरायचा लोखंडी ठोकळा, धरून हातोडीने बसवतात, उरलेलं पुट्टीने भरतात. ठोकून पत्रा ताणला गेला तर तो डब्याच्या झाकणासारखा टक-टक आतबाहेर करतो, मग डेंटर नाण्याएवढा ठिपका लाल करतो. तापलेला ठिपका पसरायला बघतो पण भोवतीचा गार पत्रा पसरू देत नाही, म्हणून तो जाडीत फुगतो आणि गार होताना आकसून पत्रा ताठ करतो. मला तर ही युक्ती फार सुंदर वाटते.

पण हीच उष्णता आतल्या सांगाड्यावर नको! आजच्या बहुतेक कारला वेगळी चॅसी नसते, बॉडी हाच सांगाडा. 1200 किलोची गाडी ताशी 50 किमीने आदळते तेव्हा तिच्यात साधारण 10 मीटरवरून, म्हणजे तिसऱ्या मजल्यावरून पडण्याइतकी ऊर्जा असते. ती पुढच्या रेलनी, म्हणजे इंजिनाच्या दोन्ही बाजूंच्या लांब पोकळ तुळयांनी, घडी पडत पडत खायची आणि माणसं बसतात तो पिंजरा मात्र शाबूत राहायचा, ही मर्सिडीजचे इंजिनिअर बेला बारेनी यांची कल्पना, 1959 च्या मर्सिडीजमधे ती पहिल्यांदा विक्रीच्या गाडीत आली. पिंजऱ्यातल्या बी पिलरसारख्या (पुढच्या आणि मागच्या दारामधला खांब) भागांना बऱ्याच गाड्यांमधे बोरॉन स्टील वापरतात. ते 900 अंशांच्या वर तापवून साच्यातच झटकन गार करतात म्हणून त्याला ती ताकद येते, त्यामुळे त्यावर गॅस कटिंगची ज्योत फिरवली तर आकार येईल पण ताकद जाईल, आणि वरून बघून काहीच कळणार नाही.

रेलचंही तसंच. ती ठरलेल्या जागी, ठरलेल्या क्रमाने घडी पडावी अशीच बनवलेली असते, आणि एअरबॅग कधी फुगायची हे गाडीचा वेग किती झपाट्याने कमी होतोय यावरून ठरतं. तीक्ष्ण घडी पडलेली रेल ओढून सरळ केली तर पुढच्या धडकेत ती कुठे आणि कधी मुडपेल याचा भरवसा नाही. म्हणून नुसता बाक असेल तर गार असतानाच ओढायचं, कडक घडी असेल तर तो भाग बदलायचा.

माझ्या गाडीचं दुसऱ्या गॅरेजमधल्या काकांनी आधी काहीच उघडलं नाही, फक्त बोनेटखाली दोन कर्ण मापले, या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत. दोन्ही सारखे यायला हवेत. 11 मिलिमीटरचा फरक निघाला, जिथे 3 च्या वर चालत नाही. मग गाडी बेंचवर, म्हणजे सांगाडा सरळ करायच्या लोखंडी चौकटीवर, क्लॅम्प करून, साखळीने थोडं थोडं ओढत आणि दर वेळी मापत त्यांनी बाकीचं जागेवर आणलं, रेलचा पुढचा भाग कापून नवीन वेल्ड केला. कापलेला तुकडा मी मागून घेतला. पहिल्या गॅरेजने त्याच्यावर पुट्टी आणि काळा रंग मारला होता, काकांनी तो खरवडला तेव्हा घडीच्या बरोबर मधोमध नखाएवढी चीर दिसली.