हृदय व हृदयाच्या रक्तवाहिन्या

हृदय : छातीच्या पोकळीत, दोन फुप्फुसांच्या मधोमध, उरोस्थीच्या मागे असलेला स्नायूंचा पोकळ अवयव. प्रौढ माणसात त्याची लांबी सुमारे १२ सेंमी. व वजन २५० ते ३५० ग्रॅम भरते. हृदय पूर्णपणे डावीकडे असते असा सर्वसाधारण समज आहे. प्रत्यक्षात ते मध्यावरच असून त्याचा दोनतृतीयांश भाग डावीकडे झुकलेला असतो. खालचे निमुळते टोक पाचव्या व सहाव्या बरगडीच्या मधल्या जागेत, डाव्या स्तनाग्राच्या किंचित खाली व आतल्या बाजूस येते. तिथे तळहात ठेवला की ठोका जाणवतो. भोवती परिहृदय नावाचे दुपदरी वेष्टन असते. दोन पदरांमधल्या थोड्याशा द्रवामुळे आकुंचन पावताना घर्षण होत नाही.

आत चार कप्पे असतात. वरची दोन अलिंदे पातळ भिंतींची, खालची दोन निलये जाड भिंतींची. शरीरभरातून आलेले, ऑक्सिजन कमी झालेले रक्त ऊर्ध्व व अधो महाशिरांतून उजव्या अलिंदात येते, त्रिदली झडपेतून उजव्या निलयात उतरते आणि फुप्फुस धमनीने फुप्फुसांकडे जाते. तिथून शुद्ध होऊन चार फुप्फुस शिरांवाटे ते डाव्या अलिंदात परतते, द्विदली झडपेतून डाव्या निलयात येते आणि महाधमनीत फेकले जाते. शाळेत ‘धमनीत शुद्ध रक्त, शिरेत अशुद्ध’ असे पाठ केलेल्यांचा घोटाळा इथेच होतो. रक्त हृदयापासून दूर नेते ती धमनी, हृदयाकडे आणते ती शिरा. फुप्फुस धमनीत अशुद्ध रक्त असते, तरी ती धमनीच.

उजव्या निलयाला रक्त शेजारच्या फुप्फुसांपर्यंतच ढकलायचे असते, म्हणून त्याची भिंत ३-४ मिमी.ची. डाव्याला ते मेंदूपासून पावलांपर्यंत पोचवायचे असते, म्हणून त्याची भिंत साधारण १ सेंमी. जाड. विश्रांतीत मिनिटाला ७२ ठोके व दर ठोक्याला ७० मिली. रक्त धरले, तर मिनिटाला ५ लिटर रक्त डावीकडून बाहेर पडते आणि तितकेच उजवीकडून.

ही रचना आकृतीवरून अर्धीच कळते. झडपांच्या पाकळ्यांना खालून बांधून ठेवणारे बारीक तंतू, निलयाच्या आतल्या भिंतीवरचे स्नायूंचे उंचवटे, महाधमनीच्या बुडाशी दिसणारी दोन छोटी तोंडे, हे सारे विच्छेदनाच्या टेबलावरच नीट उमगते. त्यासाठी देहदान लागते. बेळगावात जवाहरलाल नेहरू वैद्यकीय महाविद्यालय १९६३ पासून आहे आणि सीमाभागातली मराठी, कन्नड अशा दोन्ही घरांतली मुले तिथे शिकत आली आहेत. याच शहरातल्या केएलई संस्थेच्या आयुर्वेद महाविद्यालयात नोव्हेंबर २०१० मध्ये शरीररचनेचे अध्यापक डॉ. महांतेश रामण्णवर यांनी आपल्या वडिलांच्या देहाचे विद्यार्थ्यांसमोर विच्छेदन केले. बैलहोंगलला वैद्यकी केलेल्या वडिलांची तशी इच्छा होती. देहदानाविषयी या भागात जे बोलले जाते, त्यात ही घटना अग्रभागी ठेवावी अशी आहे.

महाधमनीच्या बुडाशी दिसणारी ती दोन तोंडे म्हणजे हृद्‌धमन्यांचा उगम. हृदयातून इतके रक्त वाहते, पण त्याच्या स्वतःच्या स्नायूला ते आतून मिळत नाही. अगदी आतला पातळ थर काय तो त्यावर भागतो. हिडकलचे धरण तुडुंब भरले तरी हुक्केरीच्या शेताला पाणी कालव्यानेच येते, तसेच हे आहे. हृदयाला लागणारे रक्त मिनिटाला सुमारे २५० मिली., म्हणजे एकूण प्रवाहाचा विसावा भाग. ते आधी महाधमनीत चढते आणि तिथून या धमन्यांनी हृदयाच्या बाहेरच्या अंगाने परत भिंतीत शिरते.

डावी हृद्‌धमनी मुळाशी सेंटिमीटरभरच लांब असते आणि लगेच दुभंगते. एक फाटा दोन निलयांमधल्या खाचेतून समोरच्या बाजूने टोकापर्यंत उतरतो. अँजिओग्राफीच्या रिपोर्टवर ‘एलएडी’ लिहिलेले असते ती हीच. डाव्या निलयाची पुढची भिंत आणि मधल्या पडद्याचा मोठा भाग तिच्यावर अवलंबून असल्याने तिच्या मुळाजवळचा अडथळा सर्वांत धोक्याचा. दुसरा फाटा डावीकडून वळसा घालून मागे जातो. उजवी हृद्‌धमनी, रिपोर्टवरची ‘आरसीए’, उजव्या बाजूने फिरते. दहापैकी आठ माणसांत हृदयाच्या मागच्या-खालच्या भिंतीला तीच रक्त पुरवते. ठोक्यांचा ताल ठरवणाऱ्या दोन गाठींनाही बहुतेकांत तिच्याच शाखा जातात. म्हणून ती बंद पडली की नाडी मंदावलेली आढळते. वापरलेले रक्त हृद्‌शिरा गोळा करतात आणि ते थेट उजव्या अलिंदात सोडले जाते.

डाव्या निलयाच्या स्नायूला रक्त मुख्यतः हृदय सैल पडलेले असताना मिळते, कारण आकुंचनात भिंतीतल्या वाहिन्या दाबल्या जातात. ठोके फार वाढले की सैल पडण्याचा वेळ घटतो, आणि नेमकी तेव्हाच गरज वाढलेली असते. अरुंद झालेल्या धमनीच्या माणसाला चढ चढताना छातीत आवळल्यासारखे होते आणि थांबल्यावर बरे वाटते, ते यामुळे.

धमनीची भिंत तीन थरांची असते. सर्वांत आतल्या एकपेशीय अस्तराला इजा झाली की तिथे चरबी साचू लागते, आणि तो साठा फुटला की त्यावर रक्ताची गुठळी धरते. उच्च रक्तदाब व मधुमेह ही इजा करतात, तशीच तंबाखूही करते. निपाणी-चिकोडीचा पट्टा बिडीच्या तंबाखूसाठी प्रसिद्ध आहे आणि अनेक घरे त्यावर चालतात. तरीही तिचा धूर रक्तवाहिन्यांचे काय करतो हे स्पष्ट सांगायलाच हवे. हृद्‌धमन्यांखेरीज बर्जर रोगात हातापायांच्या मध्यम व लहान धमन्या सुजून बंद होतात आणि बोटे काळी पडतात. हा रोग बहुतांशी तरुण धूम्रपान करणाऱ्यांना होतो आणि तंबाखू पूर्ण सोडल्याशिवाय थांबत नाही.

हृद्‌धमनी पूर्ण बंद झाल्यावर २० ते ४० मिनिटांत तिच्या टापूतला स्नायू मरू लागतो. हे मरण आतल्या थरापासून बाहेर पसरत जाते, त्यामुळे पहिल्या काही तासांतले उपचार बराच स्नायू वाचवतात. खानापूर तालुक्यात भीमगड अभयारण्यातल्या आमगाव, गवाळीसारख्या गावांतून पावसाळ्यात रुग्णाला उचलून रस्त्यापर्यंत आणावे लागते. तिथे हा हिशेब फार कठोर ठरतो. अभिनेते पुनीत राजकुमार २९ ऑक्टोबर २०२१ रोजी वयाच्या ४६ व्या वर्षी हृदय बंद पडून गेले. त्यांच्या नावाने कर्नाटक सरकारने काढलेल्या ‘हृदय ज्योती’ योजनेत तालुका रुग्णालयात ईसीजी काढून मोठ्या केंद्रातल्या तज्ज्ञांना दाखवला जातो आणि गरज असेल तर गुठळी विरघळवणारे टेनेक्टेप्लेज इंजेक्शन तिथेच मोफत देतात. बेळगाव, कोल्हापूर किंवा मिरजेला नेण्याआधीच उपचार सुरू होतो.

अडथळा औषधाने वा स्टेंटने हटण्यासारखा नसेल, तर बायपास करतात. त्यासाठी पायातली लांब शिरा काढून महाधमनी व अडथळ्यापुढची धमनी यांच्यामध्ये जोडतात. शिरेतल्या झडपा रक्ताला एकाच दिशेने जाऊ देतात, म्हणून ती उलटी करून बसवावी लागते. एलएडीसाठी मात्र शल्यचिकित्सक छातीच्या आतल्या भिंतीवरून जाणारी डावी धमनी पसंत करतात. तिचा उगम तसाच ठेवून खालचे टोक सोडवून हृदयावर जोडता येते, आणि दहा वर्षांनंतरही दहापैकी नऊ जणांत ती मोकळी राहिलेली आढळते.