बाटलीत गॅस का धरत नाही?

माझा भाचा परभणीचा, सध्या शिकागोला असतो. त्यानं घरी बियर केली, दोन आठवडे बाटल्या बेसमेंटमध्ये ठेवल्या आणि उघडून बघितलं तर सगळं फुसकं. फॅमिली ग्रुपवर फोटो टाकला, "मामा, बघा न, गॅसच धरंना." लगेच सल्ले सुरू झाले, कुणी म्हणे उन्हात ठेव, कुणी म्हणे प्रत्येक बाटलीत दोन चमचे साखर टाक, एकानं तर अमावस्येला भरल्या असशील म्हणून सांगितलं. यातले पहिले दोन सल्ले काच फोडणारे आहेत, म्हणून हे जरा सविस्तर लिहायलोय. (तिकडं 1978 च्या कायद्यानं घरापुरती बियर करायला मोकळीक मिळाली. आपल्याकडं 1949 चा दारूबंदी कायदा आहे, लायसन्स लागतं, तेव्हा इथं कुणी करून बघू नका.)

आता गॅस येतो कुठून? वाळूजच्या मोठ्या बियर कारखान्यांसारख्या ठिकाणी थंड बियरमध्ये तो प्रेशरनं मिसळता येतो, घरी मात्र हे काम यीस्टकडनंच करून घ्यायचं असतं. यीस्ट साखर खातं, अल्कोहोल आणि कार्बन डायऑक्साइड सोडतं. एक ग्रॅम साखरेतून साधारण अर्धा ग्रॅम गॅस. मोठ्या भांड्यात आंबताना बराचसा उडून जातो, म्हणून बाटली भरताना परत मोजून थोडी साखर घालायची आणि बूच घट्ट लावायचं. लिटरला 4 ग्रॅम साखर घातली की 2 ग्रॅम गॅस मिळतो, म्हणजे शून्य डिग्रीला साधारण एक लिटर. लिटरभर बियरमध्ये लिटरभर गॅस, याला एक व्हॉल्यूम म्हणतात, आणि नेहमीच्या बियरला अडीचच्या आसपास लागतात.

राहिली अमावस्या. आंबणं काय, नासणं काय, हे काम जिवाणू, बुरशी, यीस्ट यांचं आहे, त्यांना तिथी कळत नाही. आपल्याकडं पाळीतल्या बाईचा हात लागला की लोणचं नासतं असं अजून सांगतात, ते साफ खोटं आहे. लोणचं नासतं ओल्या चमच्यानं, मीठ कमी पडल्यानं, नीट न वाळवलेल्या बरणीनं. घरातल्या पोरींना हे सांगणं थांबवा.

मला सगळ्यात भारी वाटतो तो पुढचा भाग. 1803 साली विल्यम हेन्री या इंग्रज रसायनशास्त्रज्ञानं दाखवलं की द्रवावर गॅसचं प्रेशर जेवढं, तेवढ्या प्रमाणात गॅस त्यात विरघळतो. आणि किती विरघळणार हे तापमानावर फार अवलंबून असतं. वातावरणाइतक्या प्रेशरला एक लिटर पाण्यात 0 डिग्रीला 1.7 व्हॉल्यूम मावतो, 20 ला 0.88, 30 ला 0.67, 40 ला फक्त 0.53. आता अडीच व्हॉल्यूमला या आकड्यांनी भागा. तीच बाटली, तोच गॅस, पण 20 डिग्रीला आत साधारण 2.8 पट वातावरणाचा दाब आणि 40 ला 4.7 पट! परभणी-नांदेडच्या एप्रिलच्या उन्हात ठेवलेली बाटली का फुटते ते इथं कळतं. बसस्टँडवरच्या गोटी सोड्यात काचेची गोटी रबराच्या रिंगला चिकटून राहते ती याच दाबानं, अंगठ्यानं दाबली की फस्स करून सगळा दाब उतरतो.

यातूनच दुसरी गंमत निघते. आंबवण संपताना जे तापमान होतं त्यावर बियरमध्ये आधीच किती गॅस उरलाय ते ठरतं. 20 डिग्रीला 0.88 उरतो, म्हणजे अजून 1.6 लागतो, लिटरला साधारण साडेसहा ग्रॅम साखर. 30 डिग्रीला 0.67 च उरतो, मग सव्वासातच्या पुढं जावं लागतं. म्हणून दुसऱ्याची रेसिपी डोळे झाकून उचलायची नाही, तापमान विचारायचं.

भाच्याच्या बाबतीत मात्र साखर बरोबर होती, बेसमेंट थंड होतं, बारा डिग्री. एल (ale) नावाच्या बियरच्या यीस्टला 18 ते 24 डिग्री लागतं, त्याखाली ते सुस्तावतं. बाटली उजेडासमोर धरली तर तळाशी पांढरट गाळ दिसतो, ते बसलेलं यीस्टच. बाटली हळूच उलटीसुलटी करून गाळ हलवायचा, उबदार खोलीत दोन आठवडे ठेवायची आणि मग फ्रिजमध्ये दोन-तीन दिवस. ही शेवटची पायरी बरेच जण गाळतात. उघडताना फस्स आवाज आला आणि तरी ग्लासात बुडबुडे नाहीत, याचा अर्थ गॅस वरच्या मोकळ्या जागेत होता, बियरमध्ये उतरायचा होता. थंडीत तो उतरतो, पण हळू.

अर्ध्या बाटल्या फुसक्या आणि अर्ध्या उसळणाऱ्या निघाल्या तर साखर नीट मिसळली नव्हती. सगळ्याच फुसक्या आणि फस्सही नाही, तर आधी बूच तपासा, गॅस गळत असेल. यासाठी एक बाटली प्लास्टिकची भरायची, बोटानं दाबून ती कडक झाली का ते कळतं. बियर फार तेज, म्हणजे जास्त अल्कोहोलची असेल किंवा महिनोन्महिने पडून असेल तर यीस्ट दमलेलं असतं, तिथं बाटलीमागं कोरड्या यीस्टचे चार-पाच दाणे टाकून परत बूच मारावं लागतं. आणि कमी पडलीच असेल तर साखर पाण्यात उकळून, गार करून, मोजून घाला. कोरडी साखर टाकली की तिच्या खडबडीत कणांवर एकदम बुडबुडे धरतात आणि फेस तोंडातून बाहेर येतो.