विदर्भातली जंगलसहल स्वतःच्या गाडीने: आधी गेट, मग रस्ता

गाडी घरची आणि रजा मंजूर, म्हणजे निघायचं केव्हा नि जायचं कुठे हे आपल्याच हातात, असं वाटतं. जंगलाच्या सहलीत हा हिशेब उलटा पडतो. आमच्या पहिल्या ताडोबा सहलीला आम्ही नागपूरहून चंद्रपूरमार्गे मोठ्या ऐटीत मोहर्लीला पोचलो, आणि तिकिटावर गेट होतं कोलारा. दोन्ही गेटं ताडोबाचीच, पण जंगलाच्या वेगवेगळ्या टोकांना. मधून खासगी गाडी जाऊ देत नाहीत, त्यामुळे अख्ख्या जंगलाला वळसा. सकाळची सफारी बुडाली. तिकीट मीच काढलं होतं, त्यामुळे गाडीत कोणी काही बोललं नाही आणि तेच जास्त लागलं.

तेव्हापासून सहल आखताना मी नकाशा शेवटी उघडतो. आधी सफारीचा परवाना मिळवायचा. त्यावरचं गेट, वार आणि वेळ पक्की झाली की मुक्काम, आणि मुक्काम ठरला की रस्ता.

परवाना लागतो तो कशासाठी

सफारीचं तिकीट हे सिनेमाच्या तिकिटासारखं नसतं. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ च्या कलम २७ नुसार अभयारण्यात कोणालाही मनास येईल तसं शिरता येत नाही. कलम २८ मध्ये परवाना कोणत्या कारणांसाठी मिळू शकतो ते दिलंय: वन्यजीवांचा अभ्यास, छायाचित्रण, शास्त्रीय संशोधन, पर्यटन आणि आत राहणाऱ्या लोकांशी कायदेशीर व्यवहार. आपण ‘पर्यटन’ या कारणाखाली आत जातो. राष्ट्रीय उद्यानांनाही हीच कलमं लागू आहेत.

याच कलम २७ मध्ये एक सवलत आहे आणि गाडीने फिरणाऱ्यांनी ती नीट समजून घ्यावी. अभयारण्यातून सार्वजनिक रस्ता जात असेल, तर त्या रस्त्याने पलीकडे जाणाऱ्याला परवाना लागत नाही. मेळघाटात परतवाडा–सेमाडोह–धारणी हा असाच रस्ता आहे. पण सवलत फक्त रस्त्याने जाण्यापुरती. गाडी कडेला लावून फोटोसाठी झाडीत उतरलात, तर तुम्ही विनापरवाना आत शिरलेले असता. जंगलात आग पेटवणं आणि शस्त्र नेणं याला वेगळी कलमं आहेत, त्यामुळे ‘इथेच चूल मांडू’ हा बेत घरीच सोडून या.

कुठलं जंगल, कुठलं गेट

महाराष्ट्रात सहा व्याघ्रप्रकल्प आहेत. सह्याद्री सोडला तर बाकी पाच विदर्भात: मेळघाट, ताडोबा-अंधारी, पेंच, नवेगाव-नागझिरा आणि बोर. मेळघाट सर्वांत जुना, देशातल्या पहिल्या नऊ प्रकल्पांपैकी एक.

बुकिंग करताना नावांचा घोळ फार होतो, म्हणून इथे थोडं थांबतो. ताडोबाच्या कोअर, म्हणजे आतल्या गाभ्याच्या, क्षेत्राला सहा गेटं आहेत: मोहर्ली, खुटवंडा, कोलारा, नवेगाव, झरी आणि पांगडी. यातलं ‘नवेगाव’ हे चंद्रपूर जिल्ह्यातलं ताडोबाचं गेट. ‘नवेगाव-नागझिरा’मधलं नवेगाव म्हणजे गोंदिया जिल्ह्यातलं नवेगावबांध. गूगलच्या नकाशावर नुसतं नवेगाव टाकून निघालेला माणूस कुठे पोचेल याचा भरवसा नाही.

दुसरा घोळ पेंचचा. पेंच नदीच्या खोऱ्यातलं हे जंगल दोन राज्यांत पसरलंय आणि दोन्ही राज्यांचे व्याघ्रप्रकल्प वेगळे आहेत. सिल्लारी, चोरबाहुली, खुर्सापार ही महाराष्ट्रातली गेटं, तर तुरिया मध्य प्रदेशातलं. खुर्सापार सीमेला लागून आहे, तिथून तुरिया फार लांब नाही. पण एका राज्याचा परवाना दुसऱ्या राज्यात चालत नाही आणि बुकिंगची संकेतस्थळंही वेगळी आहेत. हॉटेलवाला ‘पेंचमध्येच आहे’ म्हणाला, तर कुठल्या पेंचमध्ये ते विचारा.

कोअर की बफर, म्हणजे कोअरभोवतीचा पट्टा, हाही प्रश्न येतोच. पहिल्यांदा जाणाऱ्याला कोअर म्हणजे अस्सल आणि बफर म्हणजे दुय्यम वाटतं. माझ्या मते हा गैरसमज आहे. आगरझरी, जुनोना, अलिझंजा, मदनापूर या ताडोबाच्या बफर गेटांमधूनही वाघ दिसतात, कारण कोअर कुठे संपतो हे वाघाला कोणी सांगितलेलं नसतं. कोअरचं तिकीट मिळालं नाही म्हणून सहल रद्द करू नका.

वार आणि महिने

ताडोबा दर मंगळवारी बंद असतं. प्रत्येक प्रकल्पाचा साप्ताहिक सुट्टीचा वार सारखा नसतो, आणि एकाच सहलीत दोन-तीन जंगलं जोडताना गाडं इथेच अडतं. कागदावर आठवड्याचे सात रकाने आखा, प्रत्येक प्रकल्पाच्या संकेतस्थळावरून त्याचा बंद वार टिपा आणि तिथे फुली मारा. उरलेल्या दिवसांत काय बसतं ते पाहा. बंदचा वार प्रवासाला वापरायचा.

पावसाळ्यात, १ जुलै ते ३० सप्टेंबर, कोअर बंद. काही बफर गेटं पाऊस आणि रस्त्यांची स्थिती बघून चालू ठेवतात. दिवाळी, नाताळ आणि मे महिना यांची तिकिटं बुकिंग उघडल्याबरोबर संपतात. शाळेची सुट्टी सांभाळायची नसेल, तर सोमवार, बुधवार, गुरुवार असे मधले दिवस घ्या. ताडोबात शनिवार-रविवार आणि सरकारी सुट्ट्यांना दरही जास्त असतो.

अर्ज कसा भरायचा

ताडोबाचं अधिकृत बुकिंग ‘मायताडोबा डॉट महाफॉरेस्ट डॉट गव्ह डॉट इन’ या संकेतस्थळावर होतं. नावात ताडोबा असलेली इतर अनेक संकेतस्थळं शोधात वर येतात. ती बहुतेक खासगी एजंटांची असतात. पत्त्याचा शेवट ‘गव्ह डॉट इन’ने होतो की नाही हे पैसे भरण्याआधी बघा. एजंटाकडून बुकिंग करणं गुन्हा नाही, पण परवाना तुमच्या नावाचा आणि तुमच्या ओळखपत्राच्या क्रमांकाचा आहे ना, हे पीडीएफ हातात आल्यावर तपासायलाच हवं.

मोबाइल क्रमांकाने खातं उघडायचं. मग तारीख, गेट आणि सकाळ किंवा दुपारची फेरी निवडायची. त्यानंतर प्रत्येक प्रवाशाचं नाव, वय, ओळखपत्राचा प्रकार आणि क्रमांक. एका जिप्सीत, म्हणजे सफारीच्या उघड्या गाडीत, सहा पर्यटक, सोबत गाइड आणि चालक. ही माहिती बुकिंग सुरू व्हायच्या आधीच एका कागदावर लिहून ठेवा. गर्दीच्या तारखांना काकूंचा आधार क्रमांक फोन करून विचारेपर्यंत जागा गेलेली असते. नाव ओळखपत्रावर जसं आहे तसंच भरायचं. ‘बंड्या’ हे नाव घरात कितीही चालत असलं तरी गेटवर चालत नाही.

पैसे भरल्यावर पावती शांतपणे वाचा. भरलेल्या रकमेत प्रवेशशुल्क, जिप्सीचं भाडं आणि गाइडचं मानधन यांपैकी काय काय आलं आणि गेटवर काय द्यायचं राहिलं, ते त्यावर असतं. कॅमेऱ्याचं शुल्क लेन्सनुसार वेगळं लागू शकतं. परवाना दुसऱ्याच्या नावावर करता येत नाही, म्हणून ऐनवेळी मेहुण्याच्या जागी साडू, असला बदल डोक्यातून काढून टाका.

गेटवर निदान अर्धा तास आधी पोचायचं. उन्हाळ्यात गेट लवकर उघडतं, थंडीत थोडं उशिरा, त्यामुळे वेळ तिकिटावरचीच धरा. जाताना मूळ ओळखपत्र न्यायचं, तेही बुकिंगमध्ये ज्याचा क्रमांक दिला तेच. आधारचा क्रमांक देऊन गेटवर लायसन्स दाखवलं की वाद सुरू होतो आणि मागे जिप्स्यांची रांग लागते. मुलांचं आधार कार्डही घ्या. परदेशी नागरिक सोबत असतील तर मूळ पासपोर्ट.

परवान्याची कागदी प्रत हवीच. नोव्हेंबर २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने व्याघ्रप्रकल्पांच्या कोअरमधल्या पर्यटन क्षेत्रात मोबाइल वापरायला मनाई केली, त्यामुळे ‘फोनमध्ये आहे ना’ हे उत्तर जंगलात उपयोगाचं नाही. ड्रोन तर पेटीतून बाहेरही काढू नका.

गाडीची कागदपत्रं

चालवणाऱ्याचं लायसन्स, आरसी, विमा आणि पीयूसी ही चार. चारही डिजिलॉकर किंवा एमपरिवहनमध्ये असली तरी कायद्याने चालतात. तरी मी छापील प्रती ठेवतो, कारण मेळघाटच्या घाटात रेंज गेली की डिजिलॉकर उघडेलच असं नाही. निघण्याआधी पीयूसीची तारीख बघा. विम्याची आठवण कंपनी करून देते, पीयूसीची कोणी देत नाही. १ एप्रिल २०१९ पूर्वी नोंदलेल्या गाडीला उच्च सुरक्षा नंबरप्लेट बसवलेली असावी.

भाड्याने गाडी घेऊन स्वतः चालवणार असाल तर नंबरप्लेटचा रंग बघा. अशा परवान्याच्या गाडीची पाटी काळी आणि अक्षरं पिवळी असतात. ओळखीतला कोणी पांढऱ्या पाटीची खासगी गाडी ‘स्वस्तात देतो’ म्हणाला, तर नाही म्हणा. खासगी गाडी भाड्याने दिली हे अपघातानंतर निघालं, तर विम्याचा दावा अडकतो.

टोलबद्दल थोडक्यात. चालू फास्टॅग नसेल आणि रोख दिलेत तर दुप्पट, यूपीआयने दिलेत तर सव्वापट, हा नियम राष्ट्रीय महामार्गांवर १५ नोव्हेंबर २०२५ ला लागू झाला. १५ ऑगस्ट २०२५ ला ३००० रुपयांत सुरू झालेला फास्टॅगचा वार्षिक पास एक वर्ष किंवा २०० फेऱ्या, जे आधी संपेल तोवर चालतो. तो फक्त खासगी कार, जीप, व्हॅनला मिळतो, म्हणजे वर सांगितलेल्या काळ्या पाटीच्या गाडीला नाही. आणि समृद्धी महामार्गावर तो लागू नाही, कारण तो रस्ता राज्याचा. मुंबईहून निघालेल्यांचे अर्ध्याहून जास्त अंतर समृद्धीवरच जातं, तेव्हा पास आहे म्हणून फास्टॅगमध्ये पैसे न ठेवता निघू नका.

समृद्धी एकूण ७०१ किलोमीटरचा, आणि इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा ५ जून २०२५ ला खुला झाला. दुचाकीला तिथे मनाई आहे. सलग सरळ रस्त्यावर डोळा लागतो, म्हणून मी मेहकरला उतरून लोणारला थांबतो. उल्कापाताने झालेलं ते सरोवर २०२० पासून रामसर यादीत, म्हणजे महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या आंतरराष्ट्रीय यादीत आहे, आणि पाय मोकळे करायला याहून चांगली जागा त्या वाटेवर मला तरी माहीत नाही.

नागपूरच्या उत्तरेला पेंचमधून जाणाऱ्या राष्ट्रीय महामार्ग ४४ वर जनावरांना खालून ओलांडता यावं म्हणून रस्ताच उचलून बांधलाय. त्यातला एक भाग ७५० मीटरचा. आपण वरून ऐंशीच्या वेगाने जातो तेव्हा खालून चितळांचा कळप जात असू शकतो. तिथे गाडी थांबवून कठड्यावरून डोकावायचा मोह होतो, पण तो महामार्ग आहे हे विसरू नका.

आणखी एक, जे कोणी सांगत नाही. वर्धा जिल्ह्यात दारूबंदी आहे. बोर तिथेच येतं आणि समृद्धीही त्या जिल्ह्यातून जाते. डिकीत बाटली असेल तर ती तिथे नुसती ‘सोबत ठेवली’ एवढ्यावर सुटत नाही. चंद्रपूरची बंदी २०२१ मध्ये उठली, त्यावरून वर्ध्याचा अंदाज बांधू नये.

मुक्काम

मुक्कामाला तिकिटावरच्या गेटाजवळचं गाव. मोहर्लीला आणि चिखलदऱ्याला पर्यटन महामंडळाची निवासं आहेत, मेळघाटात कोलकास आणि सेमाडोहला वनविभागाची. वनविभागाच्या निवासाचं आरक्षण केलं म्हणजे सफारी आपोआप मिळाली असं नाही, तो परवाना वेगळाच काढावा लागतो. उलट खोलीत शिरताना ओळखपत्र पुन्हा मागतात, म्हणून सगळ्यांची ओळखपत्रं एकाच पाकिटात आणि ते पाकीट एकाच माणसाकडे. आमच्याकडे हे काम आता बायकोकडे आहे. तिकिटावरचं गेटही तीच वाचते.

पेंच महाराष्ट्राला जानेवारी २०२४ मध्ये देशातलं पहिलं डार्क स्काय पार्क, म्हणजे तारे बघण्यासाठी रात्रीचा अंधार जपलेली जागा, म्हणून मान्यता मिळाली. सिल्लारीच्या बाजूला मुक्काम असेल तर अमावस्येजवळची तारीख निवडा. पण तंबू हवा तिथे ठोकायचा नाही, वनविभागाने ठरवून दिलेल्या जागीच, आणि त्याची परवानगी आधी घ्यायची.

हे सगळं जमलं की मग नकाशा उघडा. तिकीट कोलाऱ्याचं असेल तर नागपूरहून उमरेड, भिसी, चिमूर. मोहर्लीचं असेल तर चंद्रपूर.